सिसिलीचा संगीतकार अमेरिकेत : पिएत्रो फ्लोरिदिया

१८६० सालच्या मे महिन्याची ५ तारीख इटलीच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. त्या रात्री जेनोआजवळच्या क्वार्तो गावच्या किनाऱ्यावरून गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवकांसह दोन आगबोटींतून सिसिली बेट जिंकण्यासाठी निघाला आणि ११ मे रोजी मार्साला बंदरात उतरला. मराठी वाचकाला ही कथा परकी नाही. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी ही नावे आपल्याकडील एका पिढीने स्वातंत्र्याचा मंत्र म्हणून उच्चारली आणि सावरकरांनी १९०७ साली मॅझिनीचे चरित्र व विचार मराठीत आणले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच ५ मे रोजी, त्याच सिसिलीच्या आग्नेय कोपऱ्यातील मोदिका या गावात एक मूल जन्मास आले, याची दखल इतिहासाने घेतली नाही, आणि तसे कारणही नव्हते. त्या मुलाचे नाव पिएत्रो फ्लोरिदिया. पुढे तो पियानोवादक झाला, संगीतरचनाकार झाला, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मायभूमी सोडून अमेरिकेस गेला. त्याचे नाव थोरांच्या पंगतीत बसत नाही. तरीही त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडून पाहिला, तर कलावंताच्या श्रमांपैकी नेमके काय उरते, या प्रश्नावर थोडासा प्रकाश पडतो. म्हणून त्याची ही ओळख.

मोदिका हे गाव खोल घळींच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी वसलेले आहे. १६९३ च्या भीषण भूकंपात सारा प्रदेश उद्ध्वस्त झाला. नंतर तो नव्याने बांधला गेला, तेव्हा त्या काळच्या अलंकारप्रचुर शैलीत मंदिरे उभी राहिली. उंच जिन्याच्या माथ्यावर उभे असलेले सान जॉर्जोचे मंदिर आजही गावाची ओळख आहे. १९५९ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारा कवी साल्वातोरे क्वासिमोदो याच मोदिकाचा. त्याचेही आयुष्य गावापासून दूर, उत्तरेकडील मिलान शहरात गेले. सिसिलीच्या बुद्धिमंतांचे हे जणू विधिलिखितच होते. बेट सुपीक, लोक कलाप्रेमी. परंतु ज्याला काही व्हायचे असेल त्याने समुद्र ओलांडावा, अशी रीत पडून गेली होती. १६६० साली पालेर्मो येथे जन्मलेला आलेस्सांद्रो स्कार्लात्ती रोम व नेपल्स येथे कीर्तिमान झाला. कातानियाचा बेल्लिनी नेपल्सला शिकला, मिलानमध्ये गाजला आणि १८३५ साली पॅरिसजवळ अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला. त्याच्या अस्थी १८७६ साली कातानियास परत आणल्या गेल्या. फ्लोरिदिया तेव्हा सोळा वर्षांचा होता.

त्यानेही प्रथम नेपल्सचीच वाट धरली. तेथील सान पिएत्रो आ मायेल्ला हे संगीतविद्यालय साऱ्या दक्षिण इटलीची संगीतकाशी होती. अशा विद्यालयाला इटालियनमध्ये ‘कॉन्सेर्व्हातोरिओ’ म्हणतात; या शब्दाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. मूळ अर्थ सांभाळ करण्याची जागा, म्हणजे अनाथाश्रम. नेपल्समध्ये असे चार जुने आश्रम होते. तेथील पोरक्या मुलांना पोटापाण्याचे साधन म्हणून गाणे-बजावणे शिकवीत. ती मुले देवळांतून आणि मिरवणुकांतून गात, त्या मिळकतीवर आश्रमाचा काही खर्च भागे. शिक्षण इतके कसोशीचे होते, की हळूहळू चांगल्या घरची मुलेही तेथे येऊ लागली आणि अनाथाश्रमाचे नाव संगीतविद्यालयास चिकटले ते कायमचे. आपल्याकडे गुरुगृही राहून, गुरूची सेवा करून विद्या मिळवण्याची पद्धत होती. तिकडे विद्येने आश्रय घेतला तो अनाथांच्या घरी. सान पिएत्रो आ मायेल्ला हे विद्यालय त्या चार आश्रमांचेच वारसदार होय.

येथे फ्लोरिदियाला पियानोसाठी बेन्यामिनो चेझी आणि रचनेसाठी लाउरो रोस्सी असे दोन गुरू लाभले. चेझी हा थालबर्गच्या परंपरेतला. थालबर्ग म्हणजे एके काळी पॅरिसमध्ये लिस्टशी ज्याची स्पर्धा लागली तो पियानोवादक. उतारवयात तो नेपल्सला येऊन राहिला होता. या परंपरेचा आग्रह एकच, तो म्हणजे पियानोने गायले पाहिजे. आपल्या श्रोत्यांना यातील अडचण चटकन ध्यानात यावी. पेटीचा स्वर भाता चालू आहे तोवर टिकतो. पियानोचा स्वर मात्र हातोडी तारेवर आपटली की त्याच क्षणापासून विरू लागतो. तो वाढवता येत नाही, त्याला मींड देता येत नाही. अशा वाद्यावर गळ्याचा भास निर्माण करायचा म्हणजे एका स्वराचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात अलगद मिसळावा लागतो. प्रत्येक बोटाचा भार वेगळा राखून मुख्य सुरावट वर आणि साथ खाली ठेवावी लागते. थालबर्गने या विषयावर एक शिक्षणग्रंथच रचला होता. चेझीच्या हाताखाली मार्तुच्ची आणि एस्पोझितो हे पुढे नावारूपास आलेले विद्यार्थी तयार झाले. त्यांपैकी एस्पोझितोने आपले आयुष्य आयर्लंडमधील डब्लिन शहरात संगीतशिक्षणात घालवले. म्हणजे परदेशी जाऊन विद्यादान करणे, हेही या गुरुकुलाच्या अंगवळणी पडले होते. स्वतः चेझी १८८५ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे अध्यापक म्हणून गेला.

विद्यार्थिदशेतच फ्लोरिदियाचे पियानोचे काही तुकडे छापले गेले व लोकप्रिय झाले. परंतु त्या काळच्या इटलीत तरुण रचनाकाराची दृष्टी अखेर एकाच ठिकाणी लागलेली असे, ते म्हणजे ऑपेरागृह. ऑपेरा म्हणजे काय, हे मराठी माणसास फोड करून सांगण्याची फारशी गरज नाही. संगीत नाटक आपल्या रक्तात आहे. भेद इतकाच, की आपल्या नाटकात गद्य संभाषण आणि पद हे आळीपाळीने येतात, पदाची चाल बहुधा आधीपासून ठाऊक असलेली असते आणि नट ती आपल्या मगदुराप्रमाणे खुलवतो. ऑपेरात बहुधा सारे संभाषणच गायले जाते, आणि त्यातील प्रत्येक स्वर, वाद्यवृंदातील प्रत्येक वाद्याचे काम, रचनाकाराने आधी कागदावर लिहून ठेवलेले असते. ७ मे १८८२ रोजी नेपल्समध्ये फ्लोरिदियाचा ‘कार्लोत्ता क्लेपिए’ हा सुखान्त ऑपेरा रंगभूमीवर आला. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. योगायोग असा, की त्याच १८८२ साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले. ‘सौभद्रा’ची पदे आजही आपल्या ओठी आहेत. ‘कार्लोत्ता’ मात्र विसरली गेली.

१८८८ ते १८९२ ही चार वर्षे त्याने पालेर्मोच्या संगीतविद्यालयात पियानोचा अध्यापक म्हणून काढली. याच सुमारास त्याने एक सिंफनीही रचली. इटलीत ऑपेराच्या दिमाखापुढे केवळ वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्याला विचारणारे थोडे असत, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या या धडपडीचे मोल कळते. पालेर्मोत त्या वेळी तेआत्रो मास्सिमो या भव्य ऑपेरागृहाचे बांधकाम चालू होते. पण ते पुरे होऊन उघडले १८९७ साली, आणि तोपर्यंत फ्लोरिदिया मिलानला निघून गेला होता.

दरम्यान इटालियन रंगभूमीवर मोठे स्थित्यंतर घडले होते. १७ मे १८९० रोजी रोममध्ये मास्काग्नीचा ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ हा एकांकी ऑपेरा झाला आणि एका रात्रीत जुने सारे मागे पडले. राजे, देव आणि दंतकथा जाऊन त्यांच्या जागी शेतकरी, गाडीवान, मत्सर आणि चाकू आले. या पंथाला ‘वेरिस्मो’, म्हणजे सत्यवाद असे नाव आहे. ‘काव्हाल्लेरिया’ची मूळ कथा सिसिलीच्याच जोव्हान्नी व्हेर्गा याची, आणि कथेतील गावही सिसिलीचे. फ्लोरिदियासारख्या सिसिलियनाने या वाटेने जावे, यात नवल नाही. २३ ऑगस्ट १८९४ रोजी व्हेनिसमध्ये त्याचा ‘मारुत्झा’ सादर झाला. मारुत्झा हे मारिया या नावाचे दक्षिणेकडील लाडके रूप आहे. त्याच वर्षाच्या आरंभी सिसिलीत भाकरीसाठी आणि जमिनीसाठी उठलेल्या शेतकऱ्यांचे आंदोलन सरकारने लष्करी कायदा पुकारून चिरडले होते. उत्तरेकडील प्रेक्षक सिसिलीच्या दुःखावर रंगमंदिरात अश्रू ढाळीत होते. पण त्या दुःखाने खराखुरा आवाज काढला, तेव्हा मात्र त्याला तुरुंगाची वाट दाखवण्यात आली. कलेतील सत्य आणि व्यवहारातील सत्य यांतील हे अंतर कोणत्याही देशात सारखेच दिसते.

‘मारुत्झा’नंतर पाच वर्षांनी, ७ मे १८९९ रोजी, रोममध्ये ‘ला कोलोनिया लीबेरा’, म्हणजे ‘स्वतंत्र वसाहत’, हा त्याचा ऑपेरा झाला. याचे काव्य लुईजी इलिका याने लिहिले होते. पुढच्याच वर्षी रंगभूमीवर आलेल्या पुच्चिनीच्या ‘तोस्का’च्या काव्यातही या इलिकाचाच हात होता. ‘कोलोनिया’चे मूळ मात्र थेट अमेरिकेत होते. ब्रेट हार्ट या लेखकाने कॅलिफोर्नियातील सोन्याच्या खाणवस्तीवर एक कथा लिहिली होती; तीत एक पोरकी, रानटी वळणाची मुलगी आहे, आणि तिला शिकवू पाहणारा शाळामास्तर आहे. या कथेवर इटलीत ऑपेरा व्हावा, हे आज विशेष वाटते; कारण कॅलिफोर्नियाच्या खाणवस्तीवरचा जगप्रसिद्ध ऑपेरा म्हणजे पुच्चिनीचा ‘ला फान्चुल्ला देल वेस्ट’, आणि तो आला १९१० साली. फ्लोरिदिया त्या मुलखात अकरा वर्षे आधी जाऊन आला होता. परंतु प्रथम जाणारा आणि लक्षात राहणारा हे दोघे नेहमी एकच असतात असे नाही. पुढे त्याने हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या अमेरिकन कादंबरीवरही ऑपेरा रचला. तो कधीच रंगभूमीवर आला नाही. देहाने अमेरिकेस पोहोचण्यापूर्वीच या माणसाचे मन तेथे जाऊन वसले होते, असे या दोन कृतींवरून म्हणावेसे वाटते.

१९०४ साली तो खरोखरच गेला. तो काळ इटलीतून होणाऱ्या महास्थलांतराचा. १९०१ ते १९१० या दहा वर्षांत वीस लाखांहून अधिक इटालियन माणसे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दाखल झाली, आणि त्यांतील बहुसंख्य दक्षिणेकडील होती. त्यांच्या हाती फावडे आणि कुदळ होती. फ्लोरिदियाच्या हाती पियानो होता. तरी नव्या देशात शून्यापासून आरंभ करणे त्यालाही चुकले नसेल. मी स्वतः बदलीच्या नोकरीतला माणूस. चाळिशी उलटल्यावर भाषा आणि शेजार बदलला, की घरातील भांडीसुद्धा काही दिवस परकी वाटतात, हा अनुभव माझ्या पदरी आहे. तेव्हा चव्वेचाळिसाव्या वर्षी महासागर ओलांडणाऱ्याच्या धैर्याबद्दल मला आदर वाटल्यावाचून राहत नाही.

१९०६ ते १९०८ या काळात तो सिनसिनाटी येथील संगीतविद्यालयात शिकवीत होता. ओहायो नदीच्या काठचे हे शहर डुकराच्या मांसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. पण तेथे मोठ्या संख्येने वसलेल्या जर्मन लोकांनी आपली गायनमंडळेही बरोबर आणली होती. १८७३ पासून तेथे मे महिन्यात भव्य संगीतोत्सव होऊ लागला आणि १८७८ साली विटांचे प्रचंड संगीतमंदिर उभे राहिले. त्याच वर्षी संगीतविद्यालयही स्थापन झाले. व्यापारी गावाने संगीतासाठी पैसा खर्च करावा, याचे आपल्याला आश्चर्य वाटू नये. मिरज, सांगली, इचलकरंजी येथील संगीतप्रेमही सधनांच्या आणि संस्थानिकांच्या आश्रयावरच पोसले गेले.

१९१० साली सिनसिनाटीत ओहायो खोऱ्याचे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने फ्लोरिदियाने ‘पाओलेत्ता’ हा ऑपेरा रचला. काव्य पॉल जोन्स याचे, आणि भाषा इंग्रजी. २९ ऑगस्ट १९१० रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. यंत्रांच्या आणि मालाच्या प्रदर्शनाबरोबर नवा ऑपेरा असावा, ही कल्पनाच खास अमेरिकन. अमेरिकेला त्या दिवसांत स्वतःचा, स्वतःच्या भाषेतील ऑपेरा हवा होता. आणि तो देण्यास पुढे आला एक सिसिलियन, ज्याचे कान इटालियन स्वरांत आणि इटालियन शब्दांत घडलेले होते. इटालियनमध्ये बहुतेक शब्द स्वरान्त असतात, त्यामुळे गळा मोकळा राहतो. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी व्यंजनांचे अडसर असतात. मराठी पदाला उर्दू गझलेची चाल लावताना ऱ्हस्वदीर्घांची जी ओढाताण होते, तिचीच ही दुसरी तऱ्हा. ‘पाओलेत्ता’ झाला, आणि त्याच वर्षाच्या १० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये पुच्चिनीचा ‘फान्चुल्ला’ झाला. तोस्कानिनी संचालक, कारूझो नायक. जगाचे डोळे तिकडे वळले. दोन इटालियन, एकच वर्ष, एकच देश. पण एक पाहुणा म्हणून आला आणि जयजयकारात परत गेला, दुसरा रहिवासी होता आणि आपल्या शिकवण्या घेत राहिला.

१९०८ पासून फ्लोरिदियाचा मुक्काम न्यूयॉर्कला होता. १९१३ साली त्याने तेथे इटालियन सिंफनी वाद्यवृंद उभारला व त्याचे संचालन केले. इटालियन म्हणजे केवळ ऑपेरा, हा अमेरिकनांचा समज दूर करण्याचा असा प्रयत्न करणारा माणूस तरुणपणी पालेर्मोत सिंफनी लिहीत होता, याची येथे आठवण होते.

आता मी त्याच्या ज्या कामाकडे येतो, ते त्याच्या ऑपेरांच्या तुलनेत किरकोळ वाटण्याजोगे आहे. १९२३-२४ च्या सुमारास बॉस्टनच्या ऑलिव्हर डिटसन या प्रकाशनसंस्थेने त्याने संपादित केलेला प्राचीन इटालियन गीतांचा संग्रह दोन खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड काच्चिनीपासून बोनोन्चिनीपर्यंत, दुसरा प्रोव्हेन्झालेपासून सुप्रियानीपर्यंत. म्हणजे मुख्यतः सतराव्या शतकातील आणि अठराव्याच्या आरंभीची गाणी. ही गाणी नुसती नकलून छापता येत नाहीत. त्या काळचे रचनाकार दोनच ओळी लिहीत: वर गळ्याची सुरावट, खाली खर्जाची ओळ, आणि खर्जाच्या स्वरांवर काही आकडे. त्या आकड्यांवरून साथीदाराने कोणते स्वर एकत्र वाजवायचे ते ओळखावे आणि मधली सारी भरणी आयत्या वेळी आपल्या बुद्धीने करावी, असा संकेत होता. पुढे हा संकेत लोपला, आकडे वाचणारे हात नाहीसे झाले आणि गाणी कागदावर मुकी होऊन पडली. त्यांना पुन्हा बोलते करायचे तर कोणीतरी बसून ती भरणी स्वरास्वराने लिहून काढावी लागते. फ्लोरिदियाने ते केले.

येथे आपल्या मनात एक नाव आल्यावाचून राहत नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्मही १८६० सालचाच, १० ऑगस्टचा. फ्लोरिदियाहून तीन महिन्यांनी लहान. वकिली करणाऱ्या या गृहस्थाने देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून, शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत त्या सर्वांच्या हाती दिल्या. दोघांना एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. कामांतही मोठा फरक आहे. भातखंड्यांनी गळ्यातील विद्या कागदावर आणली, तर फ्लोरिदियाने कागदावरील विद्या पुन्हा गळ्याकडे नेली. शिवाय भातखंड्यांनी त्यातून शास्त्राची नवी मांडणी उभारली. फ्लोरिदियाचा तसा दावा नव्हता. परंतु परंपरेचा धागा आपल्या डोळ्यांदेखत तुटत आहे, तो आपण धरला पाहिजे, ही जाणीव दोघांत सारखीच.

या कामावर आक्षेपही आहेत, आणि ते रास्त आहेत. फ्लोरिदियाने लिहिलेली साथ एकोणिसाव्या शतकातील पियानोवादकाची आहे. ती भरगच्च आहे, भावविवश आहे. जुन्या काळी याच गाण्यांना वीणेसारख्या तंतुवाद्याची वा हार्पसिकॉर्डची विरळ साथ असे. नंतरच्या संशोधकांनी मूळ हस्तलिखिते तपासून अधिक शुद्ध आवृत्त्या सिद्ध केल्या आहेत आणि आजचा जाणकार गायक त्यांनाच पसंती देतो. पण चेझीच्या शिष्याने पियानोला गायला लावू नये, अशी अपेक्षा तरी कशी धरावी? प्रत्येक पिढी जुन्या वस्तूला आपल्याच हाताने उचलते, आणि त्या हाताचे ठसे वस्तूवर उमटतात. ठसे नकोत म्हणून कोणी हातच लावला नसता, तर पुढच्या पिढीला शुद्ध करायला तरी काय उरले असते?

दुसऱ्या खंडाच्या आरंभी असलेला प्रोव्हेन्झाले हा सतराव्या शतकात नेपल्सच्या त्या जुन्या अनाथाश्रमांत मुलांना शिकवीत असे. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये बसलेला, साठी ओलांडलेला हा प्रवासी आपल्याच विद्येच्या पूर्वजांची लेणी पुसून लख्ख करीत होता. मायदेशात राहिला असता तर त्याला हे सुचले नसते असे नाही. परंतु घरापासून दूर गेलेल्याला घरातील जुन्या वस्तूंची किंमत अधिक कळते, हे इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर वा तंजावर येथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मी सांगण्याची गरज नाही. त्यांच्या घरची एखादी आरती किंवा ओवी पुण्यामुंबईतून केव्हाच नाहीशी झालेली असते.

अखेरपर्यंत फ्लोरिदियाने ऑपेराचा ध्यास सोडला नाही. १९३२ साली त्याने ‘मालीया’ हा ऑपेरा पुरा केला. मालीया म्हणजे मोहिनी, करणी; याच नावाचे एक नाटक सिसिलीच्याच लुईजी कापुआना याने पूर्वी लिहिले होते. तोही रंगभूमीवर आला नाही. १६ ऑगस्ट १९३२ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

आता हिशेब मांडू. त्याने ज्यांवर कीर्तीची आशा ठेवली, ते ऑपेरे आज ऑपेरागृहांच्या नित्याच्या कार्यक्रमांत दिसत नाहीत. दोन तर प्रेक्षकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. उरले ते दुसऱ्यांच्या गाण्यांचे दोन खंड. त्यांवर त्याचे नाव संपादक म्हणून आहे, रचनाकार म्हणून नाही. याला काही जण अपयश म्हणतील. मी आयुष्यभर कागद सांभाळण्याचे काम करीत आलो आहे, आणि जुनी नोंद वेळेवर सापडल्याने एखाद्याचा हक्क कसा राखला जातो हे मी पाहिले आहे. म्हणून मला तसे वाटत नाही. ‘कॉन्सेर्व्हातोरिओ’ या शब्दाचा मूळ अर्थ मी वर सांगितला: जेथे पोरक्यांचा सांभाळ होतो ती जागा. त्या विद्यालयाचा हा विद्यार्थी आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात, परक्या देशात, तीनशे वर्षांच्या पोरक्या गाण्यांचा सांभाळ करीत बसला. गुरुगृहाचे ऋण याहून सार्थपणे कोणी फेडले असेल, असे मला वाटत नाही.